आयर्विन पुलाकडून आयर्विनच्या मगरींकडे : ऑस्ट्रेलिया झू, बीअरवा

सांगली जिल्ह्यातल्या माणसाला आयर्विन हे नाव नवं नाही. कृष्णेवरच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलावर आमच्या जिल्ह्याचा पूर मोजला जातो. पावसाळ्यात सकाळी उठलं की पहिला प्रश्न हाच, "आयर्विनला किती फूट?" तो पूल लॉर्ड आयर्विनच्या नावाचा. मी ज्या आयर्विनसाठी ब्रिस्बेनहून तासभर गाडीने गेलो तो स्टीव्ह आयर्विन. जन्मभर खाकी कपड्यांत मगरींच्या आणि सापांच्या मागे फिरलेला क्वीन्सलंडचा माणूस. ४ सप्टेंबर २००६ ला तो गेला. त्याने वाढवलेलं प्राणिसंग्रहालय, ऑस्ट्रेलिया झू, मी गेल्या नोव्हेंबरात दोनदा पाहिलं. त्याबद्दल हे लिहितोय.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवाल. भिलवडीकडे माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. नदीवरच्या शेतीपंपांची कामं माझ्याकडे येतात. शिवाय गेली २७ वर्षं घराघरांतून निघालेले साप पकडून सोडतो. आणि आमच्या कृष्णेत मगरी आहेत. जुनी माणसं सुसर म्हणतात. औदुंबर, अंकलखोप, भिलवडी या पट्ट्यात हिवाळ्याच्या उन्हात काठावर जबडा उघडा टाकून पडलेली मगर आमच्या पोरांना शाळेत जाता-येता दिसते. माणसं गेलीत तिच्या तोंडी. धुणं धुताना, पोहताना, फुटव्हॉल्व्हमधला, म्हणजे पंपाच्या नळीच्या पाण्यातल्या तोंडाच्या झडपेतला, गाळ काढायला पाण्यात उतरल्यावर. त्यामुळे मगर हा माझ्यासाठी सहलीत बघायचा प्राणी नाही.

स्टीव्ह मला पहिल्यांदा दिसला तो केबलवर. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण तो काय करतोय ते हाताच्या हालचालीवरून कळायचं. साप कुठे बघतोय, श्वास किती जोरात घेतोय, फणा कधी मोडतोय, हे तो बोटाने दाखवायचा. आमच्याकडे तोवर साप दोनच तऱ्हेने माहीत. एक तर काठीने ठेचायचा, नाहीतर पंचमीला पुजायचा. ज्याला बघून एखाद्या माणसाला इतका आनंद होतो, असं ते जनावर असू शकतं हे मला त्याने शिकवलं. अजगर दिसल्यावर त्याचे डोळे चमकायचे ना, तसे डोळे मी फक्त बैल जिंकलेल्या गाडीवानाचे बघितलेत.

त्याच्याकडून एक चुकीची गोष्टही मी उचलली. शेपटी धरून साप उचलायची. २००१ साली एका गोठ्यातला नाग मी तसाच उचलला, कडेने बायाबापड्या उभ्या होत्या, लक्ष अर्धा क्षण तिकडे गेलं आणि त्याने डाव्या हाताला धरलं. दवाखान्यात वेळेत पोचलो, लस मिळाली, वाचलो. करंगळी आजही वाकत नाही. स्टीव्हने ते काम लहानपणापासून बापाच्या हाताखाली केलं होतं, मी टीव्हीवर बघून करत होतो. त्यानंतर मी हुक आणि पिशवीशिवाय सापाला हात लावलेला नाही, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिली अट तीच घालतो.

आता झूकडे येतो. पहिली खेप वाया गेली. एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही. त्यांच्या कागदावर 'पूर्ण दिवस' लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात वाटेत दोन दुकानांत थांबवून आत सोडलं तेव्हा ११ वाजून गेले होते, आणि अडीच तासांत बसपाशी परत या म्हणाले. मगरींचा कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला मी बसमध्ये खिडकीशी बसलेलो होतो. आतून लोकांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. त्या दिवशी रात्री मला जेवण गेलं नाही. लेकीने ते बघितलं आणि पुढच्या बुधवारी सुट्टी काढून स्वतः घेऊन गेली. सोबत आठ वर्षांचा नातू. म्हणून कळकळीने सांगतो, इथे स्वतःच्या सोयीने जा आणि सकाळी ९ ला दारात हजर राहा.

ब्रिस्बेनच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर बीअरवा गाव आहे. शेवटच्या रस्त्याचं नावच आता स्टीव्ह आयर्विन वे. डाव्या हाताला ग्लासहाउस डोंगरांचे सुळके दिसत राहतात, सपाट मुलखात एकेकटे उभे, आमच्याकडच्या मच्छिंद्रगडासारखे. रेल्वेनेही बीअरवा स्टेशनपर्यंत जाता येतं, फक्त तिथून पुढे झूपर्यंत कसं जायचं ते आधी विचारून घ्या.

हे सगळं १९७० साली सुरू झालं. स्टीव्हचे वडील बॉब प्लंबर, आई लिन सुईण. मेलबर्नकडचं सगळं सोडून ते दोघं इथे आले आणि साप-मगरींचं छोटं उद्यान काढलं. स्टीव्ह तेव्हा आठ वर्षांचा. सहाव्या वाढदिवसाला त्याला आईबापांनी १२ फुटी अजगर दिला होता आणि नवव्या वर्षी त्याने बॉबच्या देखरेखीखाली रात्री होडीतून पहिली मगर पकडली. प्लंबरचं पोर म्हटल्यावर मला तो आणखी जवळचा वाटतो. पाइप, पाना, गळती यांच्या संसारातून आलेला माणूस. १९९१ पासून उद्यान त्याने हातात घेतलं, त्याच वर्षी टेरी भेटली, १९९२ ला लग्न झालं आणि मधुचंद्र म्हणून दोघं मगर पकडायला गेले. त्याचं जे चित्रीकरण झालं तिथून 'द क्रोकोडाइल हंटर' ही टीव्हीवरची मालिका जन्मली. टीव्हीचा पैसा त्याने जनावरांवर आणि जमिनीवर लावला, हे आत पाऊल टाकल्यावर जागोजागी दिसतं. पिंजरा हा शब्द इथे बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. मोकळी रानं आहेत, त्यांच्या कडेने आपण चालायचं.

कांगारू, कोआला, वाघ, सगळं आहे, आणि लहान मुलांना कांगारूंना हाताने खाऊ घालता येतं. नातू तिथे तासभर रमला. त्याबद्दल इतर लोकांनी भरपूर लिहिलंय. मी मगरींवर येतो.

क्रोकोसियम म्हणजे मगरींसाठी बांधलेलं स्टेडियम. ५,००० च्या वर माणसं बसतात. मधे पाण्याचे कालवे आणि हिरवळ. मागच्या तळ्यांतून मगर कालव्याने आत येते. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी स्वच्छ आहे. हे स्टीव्हने मुद्दाम केलं. नदीतल्या गढूळ पाण्यात मगर खाली काय करते ते कुणालाच दिसत नाही, म्हणून लोकांना ती नुसती 'अचानक' येते असं वाटतं. स्वच्छ पाण्यात ते दिसतं.

मी काय बघितलं ते जसंच्या तसं सांगतो. खाकी कपड्यातला एक तरुण काठावर आला, गुडघ्यावर बसला आणि हाताने पाणी चुबकावलं. बाई कळशी बुडवते ना, अगदी तसा आवाज. मगर ३० एक फुटांवर होती. पाठ आणि डोळे वर. आवाज आल्याबरोबर ती हलली नाही. आधी डोळे खाली गेले. मग सगळं शरीर खाली गेलं, लाट नाही, बुडबुडा नाही. वरून बघणाऱ्याला वाटावं की निघून गेली. पण पाणी स्वच्छ, त्यामुळे ती तळालगत येताना आम्हाला दिसत होती. पाय अंगाला चिकटवलेले, फक्त शेपटीचा शेवटचा भाग सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे. वरचं पाणी ताटातल्या पाण्यासारखं स्थिर. काठापाशी येऊन ती तळाशी थांबली. तो तरुण उठून चार पावलं मागे सरला, पुन्हा तिथेच आला, पुन्हा पाणी चुबकावलं. आणि मग ती वर आली. अर्धं शरीर पाण्याबाहेर. जबडा मिटल्याचा आवाज मला वरच्या रांगेत ऐकू आला, रिकाम्या ट्रकचा फाळका आपटावा तसा. तो तरुण तेवढ्यात मागे झालेला होता, त्याच्या हातातलं मांस तिच्या तोंडात होतं.

मग त्याने सांगितलं, लेक माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. मगर पहिल्याच दिवशी माणूस धरते असं नाही. ती बघून ठेवते. रोज त्याच जागी, त्याच वेळेला कोण येतं. म्हणून पाण्याच्या काठी एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊ नका.

माझ्या डोळ्यांपुढे आमचे पंप उभे राहिले. फुटव्हॉल्व्ह एकाच जागी, माणूस उतरतो ती वाट एकच, लाइट येते ती वेळ ठरलेली. बाया धुणं धुतात तो दगडही पिढ्यानपिढ्या तोच. आमची मगर वेगळ्या जातीची आहे हे मला माहीत आहे. ती गोड्या पाण्यातली मगर, काठावर खड्डा करून अंडी घालते. क्वीन्सलंडची खाऱ्या पाण्यातली, पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात घालते आणि आमच्यापेक्षा कितीतरी मोठी होते. पण दबा धरायची रीत दोघींची एकच. ३० वर्षं नदीकाठी काम करूनही पाण्याखालचा हा प्रकार मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. तिकिटाचा पैसा त्या पाच मिनिटांत वसूल झाला.

स्टीव्हला लोक टीव्हीवरचा धाडसी माणूस म्हणून ओळखतात. मला त्याचं संशोधन जास्त मोठं वाटतं, आणि झूमध्ये त्याची माहिती लावलेली आहे ती थांबून वाचा. १९८० च्या दशकात क्वीन्सलंडमध्ये माणसांच्या वस्तीजवळ आलेल्या मगरींना गोळी घालायची रीत होती. स्टीव्ह सरकारी मोहिमेत स्वयंसेवक म्हणून गेला आणि त्या जिवंत पकडून आणू लागला. महिनोन् महिने खाडीत एकटा, सोबत फक्त कुत्री. जाळीचा सापळा, आत आमिष, मगर आत गेली की वजनाने तोंड बंद. मग वरच्या जबड्याला दोर. मगरीचा चावा भयंकर, पण जबडा उघडायचे स्नायू कमजोर असतात, म्हणून दोराने तोंड बांधता येतं. डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की ती शांत होते. त्यासाठी माणसाला तिच्या पाठीवर झोकून द्यावं लागतं. टीव्हीवर जी उडी दिसायची तिच्यामागे हे कारण होतं.

पुढे क्वीन्सलंड विद्यापीठाचे प्राध्यापक क्रेग फ्रँकलिन यांच्याबरोबर त्याने काम सुरू केलं. तीन मोठ्या मगरींना उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवले आणि त्यांना दूर नेऊन सोडलं. एकीला तर हेलिकॉप्टरने क्वीन्सलंडच्या उत्तर टोकाच्या केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर नेलं. ती काही महिने तिकडेच राहिली. मग निघाली आणि टोकाला वळसा घालून २० दिवसांत ४०० किलोमीटरहून जास्त समुद्र पोहून आपल्या मूळ नदीत परत आली. तिन्ही परत आल्या. हा निबंध २००७ साली छापून आला, लेखकांत स्टीव्हचं नाव आहे, पण छापलेला निबंध बघायला स्टीव्ह नव्हता.

हे मी लेकीला दोनदा वाचायला लावलं. कारण आमच्याकडे दर उन्हाळ्यात मागणी होते, मगरी पकडा आणि लांब सोडा. घरातलं माणूस गेलेल्यांचा राग मी समजू शकतो, त्यांच्या दारात मी बसलेलो आहे. पण ज्याने उभी हयात मगरी उचलून दुसरीकडे नेण्यात घालवली, त्याच्याच कामातून हे निघालं की मोठी मगर आपलं घर सोडत नाही. स्वतःच्याच कामाला असा प्रश्न विचारायला मोठं मन लागतं. त्याच्या नावाने केप यॉर्कमध्ये १,३५,००० हेक्टरचं राखीव रान आहे. तिथे बॉक्साइटच्या खाणीचं संकट आलं होतं, टेरीने लढून ते परतवलं. तिथल्या वेनलॉक नदीवर दरवर्षी ती, मुलं आणि विद्यापीठाची मंडळी मगरी पकडून यंत्र बसवून सोडतात. सापळे आजही स्टीव्हच्याच पद्धतीचे.

सापांचा विभाग बघायला मी नातवाला मुद्दाम नेलं. तैपान काचेपलीकडे होता. जमिनीवरच्या सगळ्या सापांत ज्याचं विष सर्वांत जहाल, तो आतल्या रखरखीत भागातला तैपान एका कोपऱ्यात वेटोळं घालून निवांत पडलेला. आपल्या धामणीसारखा दिसणारा, साधा, तपकिरी. नातू म्हणाला, "आबा, हा तर काहीच करत नाही." बरोबर आहे. त्याला कुणी डिवचलं नाही तर तो काहीच करत नाही. एक कासवही आहे ज्याच्या शास्त्रीय नावात आयर्विन आहे. १९९० साली बॉब आणि स्टीव्ह मासेमारीला गेले असताना बर्डेकिन नदीच्या परिसरात ते सापडलं, १९९७ ला नवी जात म्हणून नोंदलं गेलं. हॅरिएट नावाचं गालापागोसचं महाकाय कासव मात्र आता नाही. साधारण १७५ वर्षं जगून जून २००६ मध्ये गेलं. अडीच महिन्यांनी स्टीव्ह.

शेजारीच वन्यप्राण्यांचा दवाखाना आहे. स्टीव्हची आई लिन २००० साली मोटार अपघातात गेली, तिच्या आठवणीत २००४ ला तो सुरू झाला, तोही अॅव्होकॅडो भरायच्या एका जुन्या शेडमध्ये. मोठी इमारत नंतरची. गाडीखाली आलेले कोआला, दोरा गुंतलेली समुद्री कासवं, कुत्र्याने धरलेले सरडे, सगळे तिथे येतात. मी काचेतून बघितलं तेव्हा टेबलावर एक कोआला होता, नाकाला नळी, आणि एक बाई डॉक्टर त्याचा पंजा दोन बोटांत धरून उभ्या होत्या. धरायची गरज नव्हती, तो बेशुद्ध होता. तरी त्यांनी धरलेला होता. आमच्याकडे पोकलेनखाली चिरडलेली घोणस मी एकदा गोणपाटात गुंडाळून तीन ठिकाणी फिरवली होती, कुणी हात लावायला तयार नव्हतं. त्या काचेपाशी मी बराच वेळ थांबलो.

स्टीव्हची प्रत्येक गोष्ट मला पटते असं नाही. जानेवारी २००४ मध्ये महिन्याच्या मुलाला, रॉबर्टला, कडेवर घेऊन त्याने मगरीला खाऊ घातलं, जगभर गदारोळ झाला. मलाही ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मगरीपाशी दोन्ही हात मोकळे पाहिजेत. तोच रॉबर्ट आता मोठा होऊन त्याच मैदानात बापाचं काम करतो. मुलगी बिंडीही इथेच आहे. आम्ही गेलो त्या दिवशी दोघंही दिसले नाहीत, पण खाकी घातलेली पोरंपोरी जनावराशी ज्या आवाजात बोलतात, त्यात मला तो ऐकू आला.

२००६ ची ती बातमी मला चांगली आठवते. गणपतीचे दिवस, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर. मंडळाच्या मांडवात मी लायटिंगची माळ जोडत होतो आणि कुणीतरी सांगितलं, तो मगरवाला गेला. मला वाटलं मगरीने धरलं. घरी जाऊन टीव्ही लावला तेव्हा कळलं, पोर्ट डग्लसजवळ बॅट रीफला समुद्रात चित्रीकरण करताना पाकट माशाचा काटा छातीत घुसला. वय ४४. आमच्या बाजारात पाकट टोपलीत येते, कोळणी तिचा काटा आधीच तोडून टाकतात. नंतर दाखवत होते, झूच्या दारात लोक फुलं आणि आपापले खाकी शर्ट सह्या करून ठेवत होते. तेच दार आता माझ्यासमोर होतं. मी चपला काढल्या, हात जोडले. नातवाने काही विचारलं नाही, त्यानेही जोडले.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. क्रोकोसियमची वेळ आत शिरताच बघून घ्या आणि अर्धा तास आधी जागा धरा, पाण्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. नोव्हेंबरात ऊन चटका देतं, टोपी हवीच. चालणं भरपूर आहे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी आत फिरणारी गाडी आहे. जेवायला आत मोठं फूड कोर्ट आहे. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, झाडाखालच्या बाकावर बसून खाल्ली. १५ नोव्हेंबरला स्टीव्ह आयर्विन डे असतो, त्या सुमारास जमलं तर जा, लोक खाकी घालून येतात. आणि दवाखाना चुकवू नका, बरेच जण थकून तो सोडून देतात.

डिसेंबरात परत आलो. दुकानात बसून पहिलं काम केलं ते फुटव्हॉल्व्हचं. सक्शनच्या शेवटच्या तुकड्याला लवचिक होज, फुटव्हॉल्व्हला तारेचा दोर, आणि काठापासून १५ फूट वर खुंट रोवून त्याला हाताने फिरवायचं विंच. गाळ भरला की वरूनच ओढून घ्यायचा, पाण्यात उतरायचं कारण नाही. आतापर्यंत पाच ठिकाणी बसवलेत. पहिला संच न्यायला अंकलखोपचा एक शेतकरी आला, म्हणाला, "एवढा खर्च कशाला, आमच्या डोहात मगर महिनाभर दिसलीच नाही." मी मोबाईलवर क्रोकोसियमचा व्हिडिओ लावून त्याच्या हातात दिला. त्याने तो तीनदा बघितला. तिसऱ्यांदा बोट ठेवून थांबवला, मगर तळाशी आणि वर सपाट पाणी.

"पाणी हललंच नाही की हो," तो म्हणाला.